रांग रामाकोन्यात सुरू होते

विमानतळावरची रांग सोनेगावात, टर्मिनलच्या काचेच्या दारापाशी सुरू होते असं नागपूरकरांना वाटतं. आमच्यासाठी ती रामाकोन्यात सुरू होते, आणि तीही मध्यरात्री. पहाटे सहाचं पुण्याचं विमान असेल तर हिशेब उलटा मांडावा लागतो. विमानात चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. त्याआधी सुरक्षा तपासणी. त्याआधी सामान द्यायची खिडकी, जी उड्डाणाच्या तासभर आधी मिटते. त्याआधी दारावर ओळखपत्र दाखवायची रांग. त्याआधी सगळं नागपूर शहर, कारण आम्ही उत्तरेकडून कोराडीच्या अंगानं शिरतो आणि विमानतळ आहे दक्षिणेला, वर्धा रोडवर. त्याआधी सावनेर, केळवद, सातनूरची राज्याची सीमा, सौंसर. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरचा हा रस्ता रात्री दोन तासांच्या आत होतो. संत्र्याच्या हंगामात ट्रकांमागे अडकलात तर होत नाही. थोडक्यात, विमान सव्वा तासाचं आणि घर सोडायचं पाच तास आधी.

मी गणिताची शिक्षिका. नोकरी सगळी छिंदवाडा जिल्ह्यात झाली; २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि घर जागच्या जागी असताना माझा पत्ता बदलला. शाळेत हिंदीतून शिकवलं, घरी मराठी. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळुरात, आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांची हीच तऱ्हा. पोरं शिकली की नागपूरलाही थांबत नाहीत. त्यामुळे ज्यांनी जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं असे आजी-आजोबा आता नातवाच्या बारशाला उडत जातात, आणि जाण्याआधी माझ्या ओट्यावर येऊन विचारतात, "मॅडम, सहाचं विमान हाय जी, कितीक वाजता निघा लागन?"

गणिताच्या बाईला हा प्रश्न सोपा जायला हवा. जात नाही. रस्त्याचा वेळ मला ठाऊक आहे, विमान कंपनीच्या वेळा तिकिटावर छापलेल्या असतात. एकच आकडा कोणी सांगत नाही: आज सुरक्षा तपासणीला किती वेळ लागेल. समजा दहापैकी नऊ दिवस रांग दहा मिनिटांची असते आणि एक दिवस पन्नास मिनिटांची. सरासरी चौदा मिनिटं. कागदावर ती शोभून दिसते. पण विमान चुकलं तर तिकीट बुडतं, म्हणून दहाही दिवस प्रत्येक जण पन्नास मिनिटं धरूनच घर सोडतो आणि त्यातल्या नऊ दिवशी चाळीस मिनिटं आतल्या खुर्चीत बसून काढतो. रांग लांब असते याचं मला तितकंसं दुःख नाही. आज ती किती लांब आहे हे आधी कळत नाही, हे खरं दुखणं आहे.

आधी ही रांग आली कुठून ते पाहू. सोनेगावच्या याच धावपट्टीवर १९४९ च्या जानेवारीपासून रात्रीची टपालविमानं उतरू लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून चार विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत ती आपापल्या शहरी परत. त्यांतून उतारूही जात. त्या काळात विमानाला धोका हवामानाचा आणि इंजिनाचा. उतारूकडूनच धोका असू शकतो, ही समजूत नंतरची.

ती आपल्याकडे हप्त्याहप्त्यानं आली. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून निघालेलं विमान लाहोरला पळवून नेलं. त्यावर पांडे समिती बसली आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौहून दिल्लीला जाणारं विमान दोघांनी पळवलं, हातात काय होतं तर खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू! पुढे ते दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले, तो विषय वेगळा. नातवाचं खेळण्यातलं पिस्तूल हँडबॅगेतून काढून घेतलं म्हणून रागावणाऱ्या आजोबांना मी ही हकीकत सांगते.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' अटलांटिक महासागरावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब सामानात होता आणि त्या सामानाचा मालक विमानात चढलाच नव्हता. मग सामान आणि माणूस यांची जोडी जुळवणं कडक झालं. जुने प्रवासी सांगतात, विमानाच्या शिडीजवळ बॅगा मांडून ठेवलेल्या असत आणि आपल्या बॅगेवर बोट ठेवल्याशिवाय ती वर चढवत नसत. १ एप्रिल १९८७ ला तो कक्ष स्वतंत्र खातं बनला. तेच आजचं बीसीएएस, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो. नियम ते करतं. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ कंदहारला नेलं गेलं, आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ फेब्रुवारी २००० ला, जयपूर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे गेला. मग एकेक करत इतर विमानतळ. आपल्याला हात वर करायला सांगणारे जवान तेव्हापासूनचे. तेव्हा ही रांग कोणा बाबूच्या लहरीतून निघालेली नाही, एवढं तक्रार करण्याआधी मान्य करायला हवं.

आता बॅगा ठेवायच्या ट्रेपाशी येऊ, कारण वेळ तिथे जातो. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बॅगेतल्या वस्तूंना रंग मिळतात. यंत्र कमी आणि जास्त अशा दोन शक्तींच्या किरणांनी बॅग पाहतं आणि कोणते किरण किती अडले यावरून वस्तू कशाची असावी याचा अंदाज बांधतं. जड धातू निळे. काच, मीठ, ॲल्युमिनियम हिरवट. आणि कापड, कागद, साबण, अन्न अशा सेंद्रिय वस्तू नारिंगी. आमच्या बागेतली संत्री पडद्यावरही नारिंगीच दिसतात, याचं मला दर वेळी हसू येतं. पण स्फोटकंही बहुतेक सेंद्रिय, तीही नारिंगी. म्हणून घट्ट, एकजीव नारिंगी ठोकळा दिसला की पडद्यासमोरचा माणूस पट्टा थांबवतो. गुळाची ढेप, तुपाची बरणी, डिंकाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा, जाड पुस्तकांची चळत: यंत्राच्या लेखी ही सगळी संशयित मंडळी. बाळंतिणीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत याखेरीज दुसरं असतं तरी काय? मग बॅग बाजूला जाते, उघडते, डबा उघडतो, पुन्हा पट्ट्यावर जाते. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात त्याचंही कारण हेच: त्याचा पत्रा आणि बॅटरी खाली काय आहे ते झाकून टाकतात. रुग्णालयात असतं तसं सीटी स्कॅनचं तंत्र वापरणारी नवी यंत्रं बॅग सगळ्या बाजूंनी पाहतात, त्यात लॅपटॉप आतच राहू शकतो. पण ती महाग आहेत आणि मोठ्या विमानतळांवर आधी येतात.

नारळाचं प्रकरण आमच्याकडे नेहमीचं. लेक निघाली की ओटी भरायची, ओटीत नारळ नाहीतर खोबऱ्याची वाटी, आणि ती ओटी लेक हातातल्या पिशवीत ठेवणार. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. ते हातातही चालत नाही आणि खालच्या सामानातही नाही. अख्खा नारळही केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या भाविकांना मात्र बीसीएएसनं २०२२ च्या नोव्हेंबरपासून २० जानेवारी २०२३ पर्यंत इरुमुडीतला, म्हणजे देवाला न्यायच्या गाठोड्यातला, नारळ तपासून केबिनमध्ये नेण्याची सूट दिली होती. म्हणजे श्रद्धेचा आणि नियमाचा मेळ बसवता येतो, फक्त मागणी संघटित हवी. ओटीवाल्या बायांची संघटना नाही. मी सुचवते ते साधं: ओटी घरी भरा, नारळ देवापाशी ठेवा, लेकीच्या पदरात तांदूळ आणि सुपारी द्या. पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती खालच्या सामानात नको, हातातच हवी, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणाला तरी दिसते. सामानाच्या पोटात पेटली तर कोणी पाहायला नसतं. हे कारण एकदा समजावून सांगितलं की लोक विसरत नाहीत. भिंतीवर लाल फुल्या मारलेली चित्रं लावली की विसरतात.

बायकांची तपासणी पडद्याआड होते आणि ती बाईनंच करायची. हे योग्यच आहे. पण आपल्याकडे धातूच्या चौकटीतून पार झाल्यावरही प्रत्येकाला हातातल्या यंत्रानं तपासतात, आणि मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, केसांतले आकडे, परकराच्या नाडीला अडकवलेली सेफ्टी पिन, सगळंच त्या यंत्रात वाजतं. पुरुषांसाठी तीन चौथरे चालू आणि बायकांसाठी एक, अशी वाटणी असेल तेव्हा बाईची बॅग कधीच पुढे जाऊन पडलेली असते आणि ती स्वतः पडद्याबाहेर उभी असते, मान उंच करून पट्ट्याकडे बघत. कधी एखादा जवान कापडाची पट्टी बॅगेवरून, हातांवरून फिरवून दुसऱ्या यंत्रात घालतो. ते यंत्र स्फोटकांचे कण हुंगतं. नायट्रेटचं खत किंवा ग्लिसरीनचं मलम त्याला फसवू शकतं. आदल्या दिवशी बागेत खत टाकून आलेल्यांना मी कोपरापर्यंत हात धुवायला आणि चपला बदलायला सांगते. ते हसतात, पण धुतात.

रांगेचं गणित १९०९ मध्ये डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं मांडायला घेतलं, कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी. ते आपल्याला इथं जसंच्या तसं लागू पडतं. समजा एका पट्ट्यावरून मिनिटाला तीन माणसं सुटतात, म्हणजे तासाला १८०. दोन पट्टे चालू, म्हणजे ३६०. पहाटे एका तासात तीन विमानं आहेत, प्रत्येकी १८० प्रवासी, एकूण ५४०. तास संपतो तेव्हा १८० माणसं उरलेली असतात आणि शेवटच्याला आणखी अर्धा तास. त्यानंतरच्या तासाला एकही विमान नसलं तर तेच दोन पट्टे अर्धा वेळ रिकामे. दिवसभराची सरासरी काढली तर विमानतळ म्हणेल आमच्याकडे पुरेसे पट्टे आहेत, आणि ते खोटंही नसेल. गर्दी वेळापत्रकानं केलेली असते.

यात आणखी एक खाच आहे. माणसं एकसारखी येत नाहीत, घोळक्यानं येतात. त्यामुळे पट्टा ऐंशी टक्के भरलेला असताना जेवढी वाट पाहावी लागते, त्याच्या दुपटीहून जास्त नव्वद टक्क्यांना, आणि नव्वदचे पंच्याण्णव झाले की पुन्हा दुप्पट. सूत्र साधं आहे: भरलेला भाग भागिले उरलेला भाग. ८० ला २०, चार. ९० ला १०, नऊ. ९५ ला ५, एकोणीस. म्हणून कालपर्यंत सुरळीत चाललेला विमानतळ चार नवी उड्डाणं वाढताच एकाएकी कोलमडतो. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल तीनवर असंच झालं. कोरोनानंतर लोक एकदम बाहेर पडले, रांगा दारांपर्यंत आल्या, आणि १२ डिसेंबरला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे अचानक पाहणीला पोचले. त्यानंतर तिथली उपाययोजना झाली ती अशी: क्ष-किरण यंत्रं वाढवा, माणसं वाढवा, गर्दीच्या तासातली काही उड्डाणं हलवा, आणि दारांवर वाट पाहण्याच्या वेळेचे फलक लावा. शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग प्रश्न येतो की तपासणीच थोडी सैल केली तर? याचं उत्तर अमेरिकेनं भरपूर किंमत देऊन शोधलं. २०१५ मध्ये तिथल्या गृह सुरक्षा खात्याच्या माणसांनी साध्या प्रवाशांसारखं जाऊन नकली बॉम्ब आणि हत्यारं आत नेऊन पाहिली. सत्तर प्रयत्नांपैकी सदुसष्ट वेळा ती आत गेली. बातमी फुटली, प्रमुख बदलला गेला, तपासणी घट्ट झाली. रांग पटकन सरावी म्हणून कोणालाही सवलतीच्या रांगेत घालायची पद्धत आवरती घेतली. पुढच्याच उन्हाळ्यात रांगा इतक्या वाढल्या की १५ मे २०१६ या एका दिवशी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर एका कंपनीच्या साडेचारशेच्या आसपास प्रवाशांची विमानं चुकली. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा जादा माणसं. झोका या टोकाकडून त्या टोकाकडे.

त्या सदुसष्ट चुकांमागे आळस होता असं मला वाटत नाही. दुर्मीळ वस्तू डोळ्याला दिसतच नाही. जेरेमी वोल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग छापला: शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर माणसं सात टक्के वेळा चुकतात, शंभरात एकाच चित्रात असेल तर तीस टक्के वेळा. सोनेगावच्या पडद्यापुढे बसलेल्या जवानाच्या वाट्याला अख्ख्या नोकरीत एकही बॉम्ब येणार नाही, बहुधा. तरी प्रत्येक डब्याकडे त्यानं पहिल्यासारखं पाहायचं. म्हणून यंत्रं मधूनच एखाद्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल घुसवतात, त्यानं ते पकडलं की नाही याची नोंद होते. युरोपात सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त पडद्यापुढे बसवत नाहीत. रांग वाढली म्हणून "जल्दी करो" ओरडणाऱ्यानं, त्या माणसाचा डोळा घाईत आणखी मंदावतो हे ध्यानात घ्यावं.

सुरक्षा आणि वेळ ही तराजूच्या दोन पारड्यांसारखी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं सगळे धरून चालतात. ते पुरतं खरं नाही. २२ मार्च २०१६ ला ब्रसेल्सच्या विमानतळावर बॉम्ब फुटले ते विमानात नव्हे, सामान द्यायच्या खिडक्यांपुढच्या गर्दीत. मॉस्कोच्या दोमोदेदोवोला २०११ मध्ये आगमनाच्या दालनात. त्याच २०१६ च्या जूनमध्ये इस्तंबूलला हल्लेखोरांनी गाठलं ते टर्मिनलच. तपासणीच्या अलीकडे साचलेली गर्दी हेच लक्ष्य होतं. तेव्हा रांग झटपट सरणं हाही सुरक्षेचाच भाग.

आणि रांगेला कंटाळून माणूस विमान सोडून रस्त्यानं निघाला तर? ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लाखो लोक मोटारीनं जाऊ लागले. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं हिशेब केला, पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,६०० जास्तीचे मृत्यू झाले. ते भीतीचे बळी. कॉर्नेल विद्यापीठाच्या तिघा अभ्यासकांनी २००७ मध्ये नुसत्या तपासणीच्या त्रासाचा हिशेब मांडला: सामानाच्या नव्या तपासणीमुळे प्रवासी सहा टक्के घटले, ते रस्त्यावर आले, आणि २००२ च्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यामुळे सव्वाशेच्या वर माणसं मेली असावीत. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा खरी आहे. रात्री एकला डोळे चोळत निघालेला आमचा गाडीवाला आणि सावनेरच्या अलीकडे दिवा नसलेली ट्रॉली, हा धोका विमानातल्या बॉम्बपेक्षा कितीतरी मोठा आहे. आम्ही भित्री माणसं नव्हेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात उभं राहून एकमेकांवर दगड मारणाऱ्या पांढुर्ण्याचा आमचा जिल्हा. पण गोटमारीतला दगड निदान समोरून येताना दिसतो.

नियम एका रात्रीत येतो आणि जायला वर्षं घेतो. डिसेंबर २००१ मध्ये एकानं बुटात स्फोटक लपवलं. अमेरिकेत २००६ पासून सगळ्यांना बूट काढावे लागले आणि ते थांबायला जुलै २०२५ उजाडला. आपल्याकडे हँडबॅगेला चिठ्ठी बांधून तिच्यावर शिक्का मारायची पद्धत होती. शिक्का नसला तर विमानाच्या दारातून परत पाठवत. एप्रिल २०१७ मध्ये ती मुंबई-दिल्लीसह सात विमानतळांवर बंद झाली, मग इतरत्र. ती बंद व्हावी म्हणून जोर लावला तो सीआयएसएफनंच, चांगले कॅमेरे बसल्यावर. तेव्हा कोणाला खंत वाटली नाही, काही बिघडलंही नाही. दर दोन-चार वर्षांनी प्रत्येक नियमाला "तू अजून कशासाठी आहेस?" असं विचारणारं कोणी असायला हवं.

काही दिवस मात्र रांग लांबणारच. १ सप्टेंबर २०२४ ला जबलपूरहून हैदराबादला जाणारं विमान बॉम्बच्या धमकीमुळे नागपूरला उतरवलं. सापडलं काही नाही. पुढच्या महिन्यात खोट्या धमक्यांचा पूर आला, आणि त्यातल्या बऱ्याच पाठवल्याच्या संशयावरून नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातला एक माणूस पकडला. मे २०२५ मध्ये सीमेवर लढाई पेटली तेव्हा कंपन्यांनी तीन तास आधी या म्हणून सांगितलं, सामानाची खिडकी पंच्याहत्तर मिनिटं आधी बंद होऊ लागली, आणि विमानाच्या शिडीपाशी प्रत्येकाची पुन्हा तपासणी. त्या आठवड्यात कोणी कुरकुरलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि तीन तास हा आकडाही माहीत होता. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आसपासही असंच. सांगितलेला वेळ माणूस सोसतो.

सातनूरला आरटीओचा नाका होता. सगळे ट्रक थांबायचे, चांगले आणि वाईट. मध्य प्रदेश सरकारनं १ जुलै २०२४ पासून असे नाके बंद केले आणि निवडक तपासणी ठेवली. विमानतळावरही हाच विचार चालतो: ओळखीच्याला लवकर सोडा, जवानांचा डोळा अनोळखी माणसासाठी राखून ठेवा. अमेरिकेत पैसे भरून, आपली माहिती आधी देऊन वेगळ्या रांगेत जाता येतं. आपल्याकडे १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला 'डिजियात्रा' सुरू झाली. चेहरा दाखवला की दार उघडतं. पण तिनं दारावरची रांग आखडते, ट्रेपुढची नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आणि ती ऐच्छिक आहे हे कधी कधी दारावरच्या माणसालाच सांगावं लागतं. स्मार्टफोन नातवाकडे असलेल्या आजीसाठी कागद आणि आधार कार्ड घेऊन जायची रांग लांबता कामा नये. वाचलेला वेळ आधी तिच्या वाट्याला यावा असं माझं मत आहे, कारण ती सगळ्यात लांबून आलेली असते.

एक हिशेब शेवटी मांडते. विमानाच्या तिकिटात सुरक्षा शुल्क असतं. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासाला ते २०० रुपये ठरलं. १८० जणांचं विमान भरून सुटलं की त्या एका उड्डाणामागे छत्तीस हजार रुपये सुरक्षेसाठी जमा होतात. ते जवानांच्या पगाराला, यंत्रांना लागतात, लागावेतच. पण त्यातून आम्हाला आठवड्याच्या सात वारांचा, तासातासाचा तक्ता मिळायला हरकत नाही: गेल्या महिन्यात या वेळी ट्रेपुढे किती मिनिटं लागली. सरासरी नको. दहापैकी नऊ जण किती मिनिटांत सुटले, तेवढं सांगा. तपासणीतून बाहेर पडणारी माणसं कॅमेरे आजही मोजू शकतात. तो आकडा विमान कंपनीच्या निरोपात, तिकिटावरच्या वेळेखाली, एका ओळीत बसतो. मराठीत आला तर उत्तम, हिंदीतही आम्हाला चालेल. फक्त बायकांच्या रांगेचा आकडा वेगळा छापा. पुरुषांच्या आकड्याशी तो जुळत नाही. कधी निम्मा भरतो, कधी दुप्पट, त्या दिवशी पडद्याआड किती जणी ड्यूटीवर आहेत त्यावर.